हरवलेले टपाल आणि विक्रेत्याची फारखती

टपालाच्या पत्त्यांत महाराष्ट्रात निदान तीन मुरुड आहेत. एक जंजिऱ्याच्या किल्ल्यासमोरचे, दुसरे दापोलीजवळचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे सर्वांना ठाऊक झालेले, आणि तिसरे लातूरहून बार्शीला जाणाऱ्या वाटेवरचे, उसाच्या आणि गुळाच्या मुलुखातले आमचे मुरुड. एकाच नावाच्या गावांचा हा घोळ देशभर असल्यामुळेच श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने सहा आकडी पिनकोडाची योजना आखली आणि ती 15 ऑगस्ट 1972 पासून अमलात आली. 413 ने आरंभ होणारा आकडा आमच्याकडे येतो, 402 ने होणारा जंजिऱ्याकडे जातो. इतकी सोय असूनही मोबाइलवरून मागवलेली वस्तू कधी समुद्रकिनारी फिरून येते आणि कधी येतच नाही. अशा वेळी किंमत आगाऊ घेऊन बसलेला विक्रेता शांतपणे कळवतो की, आम्ही माल रवाना केला, त्याची रसीद आमच्यापाशी आहे, पुढचे तुम्ही आणि टपालखाते पाहून घ्या. हे म्हणणे कायद्याने, व्यवहाराने आणि नीतीने तिन्ही परींनी लटके आहे, असे आमचे मत आहे.

तथापि पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. विक्रेत्याच्या बाजूने बोलणारे 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या 39 व्या कलमाकडे बोट दाखवतात. माल ग्राहकाकडे पाठवण्याचा करार असेल, तर तो वाहकाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रथमदर्शनी ग्राहकाच्याच स्वाधीन करणे होय, असे ते कलम सांगते. (हा कायदा झाला तेव्हा मुरुड निजामाच्या राज्यात होते आणि इंग्रजी मुलुखाचा कायदा येथे लागू नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) परंतु ‘प्रथमदर्शनी’ या शब्दाचा अर्थच असा की, उलट पुरावा आला म्हणजे हे अनुमान ढळते. जो विक्रेता आपल्या जाहिरातीत ‘घरपोच’ असे ठळक अक्षरांत छापतो, त्या घरपोच सेवेचे शुल्क किमतीत किंवा किमतीवर वसूल करतो आणि माल अमुक तारखेला मिळेल असे वचन देतो, त्याने वाहकाच्या दारापर्यंतचा नव्हे तर ग्राहकाच्या दारापर्यंतचा करार केलेला असतो. शिवाय त्याच कलमाचे दुसरे पोटकलम हे वकील सोईस्करपणे विसरतात. मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केला पाहिजे, आणि त्याने तसे केले नाही व माल वाटेत गहाळ झाला, तर वाहकाला दिलेला माल आपल्यालाच दिला असे मानण्यास ग्राहक नकार देऊ शकतो, असे ते सांगते.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आणि अधिक पोकळ आहे. वस्तू टपालखात्याने हरवली, तेव्हा दाद टपालखात्याकडेच मागावी, असे म्हणतात. आता टपालखात्याची स्थिती पाहा. 1898 च्या टपाल अधिनियमाच्या सहाव्या कलमाने सरकारला गहाळ झालेल्या, चुकीच्या ठिकाणी गेलेल्या किंवा उशिरा पोचलेल्या टपालाच्या दायित्वातून बहुतांशी मुक्त केले होते. तो कायदा जाऊन 2023 चा नवा अधिनियम 18 जून 2024 पासून लागू झाला, तरी त्याच्या दहाव्या कलमात तीच मुक्ती शब्दांतराने कायम आहे: नियमांनी ठरवून दिले असेल तेवढेच दायित्व, अधिक नाही. स्पीड पोस्टाच्या बाबतीत अनेक वर्षे चालत आलेला नियम असा की, वस्तू हरवल्यास आकारलेल्या शुल्काची दुप्पट किंवा 1000 रुपये यांपैकी जे कमी असेल ते मिळावे. पावती विक्रेत्याच्या नावाची, वजन त्याने केलेले, विमा उतरवायचा की नाही हे त्याने ठरवलेले, आणि वाहकाशी झालेल्या करारात मुरुडच्या ग्राहकाचे स्थान केवळ पाकिटावरच्या पत्त्याइतके! ज्या दरबारात आपली फिर्याद रुजूच होऊ शकत नाही, तेथे जाण्याचा सल्ला देणे ही मदत नव्हे, टोलवाटोलवी होय. उलट, टपालखाते पूर्ण भरपाई देत नाही हे ठाऊक असून ज्याने विम्याविना माल त्याच्या हवाली केला, त्याचे दायित्व त्यामुळे घटत नाही, वाढते.

आमच्या भागातील व्यापाऱ्यांना हा भेद नवा नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ 1911 मध्ये लातूरला पोचला आणि पुढे कित्येक दशके या भागाचा माल त्या रुळावरून गेला. रेल्वेने माल धाडताना मालकाच्या जोखमीचा दर कमी आणि रेल्वेच्या जोखमीचा दर अधिक, हे आडतीवरच्या पोरसवदा मुनिमालाही कळत असे, आणि स्वस्त दर घेऊन माल बुडाला तर तो बुडीत ज्याने दर निवडला त्याच्याच खाती पडे.

किंबहुना हे तत्त्व रेल्वेहूनही पुष्कळ जुने आहे. नारदस्मृतीत अठरा व्यवहारपदांपैकी एक ‘विक्रीयासंप्रदान’, म्हणजे विकून माल न देणे, हे आहे, आणि विकलेला पण सोपवून न दिलेला माल मोडला, जळला किंवा चोरीस गेला तर ती हानी विक्रेत्याचीच, असा तेथे स्पष्ट निर्णय आहे. निलंग्याच्या पलीकडे, आजच्या बसवकल्याणात, चालुक्यांच्या राजधानीत बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तीतही या व्यवहारपदाला स्वतंत्र प्रकरण आहे. स्मृतिकारांसमोर टपाल नव्हते हे खरे, पण सोपवणे म्हणजे घेणाऱ्याच्या हाती पडणे, एवढे त्यांना निःसंशय कळत होते. आपल्या सावकारीतली जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचला तरच सकारायची असे. आणि 1877 मध्ये सुरू झालेली व्ही.पी.ची पद्धत आठवावी. पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक धाडावे आणि पोस्टमनने ते हाती देताना पैसे घ्यावेत. वाटेत पुस्तक हरवले तर वाचकाचे काहीच जात नसे, आणि यात आपल्यावर अन्याय झाला असे कोणा प्रकाशकाला वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जोखीम तीच राहिली, फक्त पैसे आधी घेण्याची युक्ती सापडली, एवढ्याने ती जोखीम ग्राहकाकडे कशी सरकते?

विद्यमान कायदाही याच दिशेने जातो. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 मध्ये निघाले. त्यांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल, विलंबाचे कारण दैवी आपत्ती नसेल तर, परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असेही बंधन आहे. उशिरा आलेल्या मालाचे पैसे परत मिळतात, तर मुळीच न आलेल्या मालाचे मिळावेत हे कैमुतिकन्यायाने निराळे सांगायला नको.

राहिला लबाड ग्राहकांचा आक्षेप. माल घेऊन ‘मिळाला नाही’ म्हणणारे लोक आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण पोचवणुकीचा पुरावा निर्माण करण्याची साधने कोणाच्या हाती आहेत? सही घेणे, ओटीपी विचारणे, पाकिटाचे छायाचित्र काढणे हे सर्व पाठवणाऱ्याच्या आणि त्याने नेमलेल्या वाहकाच्या इच्छेवर आहे. ग्राहकाने आपल्याला वस्तू मिळाली नाही हे सिद्ध कसे करावे? अभावाचा पुरावा मागणे म्हणजे न्याय नाकारण्याची सभ्य रीत. पडद्यावर ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद उमटली एवढ्याने प्रश्न मिटत असेल, तर ती नोंद करणाराच वादी, साक्षीदार आणि मुनसफ ठरतो.

ज्या एका आक्षेपाबद्दल आम्हांला मनापासून सहानुभूती आहे, तो लहान विक्रेत्याचा. मुरुडचा एखादा गुऱ्हाळवाला सेंद्रिय गुळाच्या ढेपा पुण्या-मुंबईला टपालाने पाठवू लागला आणि त्यांतली एक ढेप हरवली, तर दहा ढेपांचा नफा तीत जातो. तरीही तत्त्व आपल्या गावच्या माणसासाठी वाकवता येत नाही. मुंबईच्या ग्राहकाला ना मुरुडचे टपाल कार्यालय ठाऊक, ना ढेप कशी बांधली होती ते. गुऱ्हाळवाल्याने विमा उतरवावा, त्याचा खर्च भावात उघडपणे धरावा आणि वाहकाकडून मिळेल ती भरपाई आपल्या खाती जमा करावी. शंभर ग्राहकांवर काही पैसे अधिक पडणे आणि एका ग्राहकावर संपूर्ण बुडीत पडणे, यांतले न्याय्य कोणते हे सांगायला शास्त्री लागत नाही.

‘चारशे रुपयांसाठी कोर्टकचेरी कशाला’ असे म्हणणारे भेटतात, आणि विक्रेत्याची सारी भिस्त नेमकी या वृत्तीवर असते. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने, जो 20 जुलै 2020 पासून अमलात आला, ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. आता बंगळूर किंवा गुरुग्रामच्या कंपनीला मुरुडचा माणूस लातुरात जाब विचारू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो, आणि त्याआधी 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते. अर्जाला मागणीची तारीख, पैसे दिल्याची नोंद, विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद आणि घरपोच देण्याचे त्याचे वचन एवढे जोडावे. माल कोठे हरवला याचा शोध त्यात घालू नये, तो विक्रेत्याने घ्यायचा आहे.