घरचा उपाय खरा, पण त्याची वेळ कोणती?

साठीतले एक किराणा दुकानदार. ओटीपोटात डाव्या बाजूला दुखू लागले, अंगात कणकण आली, शौचाला साफ होईना. घरच्यांनी निदान केले : पोट धरले आहे. पहिल्या रात्री ओवा आणि हिंग झाले. दुसऱ्या दिवशी एरंडेल. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला हळद-आल्याचा काढा. गोळ्यांनी कळ दबली, म्हणून सगळ्यांना हायसे वाटले. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना आमच्या सरकारी रुग्णालयात आणले, तेव्हा पोट फळीसारखे कडक झाले होते. मोठे आतडे फुटून आतली घाण पोटात पसरली होती. शल्यचिकित्सकांनी तातडीने शस्त्रक्रिया केली, आतड्याचा सडलेला भाग काढला आणि जीव वाचला. पुढचे काही महिने मात्र शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी सांभाळावी लागली.

थोडे बरे वाटल्यावर त्यांनी मला विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, एरंडेल तर आमच्या घरात आजीच्या वेळेपासून आहे. मग यावेळी ते कसं चुकलं?’’

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर ‘घरगुती उपाय म्हणजे अंधश्रद्धा’ असे झटकून देता येणार नाही. त्यांचे आतडे एरंडेलानेच फुटले असेही मी म्हणणार नाही. पण हातात असलेले तीन दिवस गेले ते त्या भरवशावर. चूक उपायाची जेवढी नव्हती, तेवढी ती वेळेची होती. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आतड्याला आलेल्या पिशव्या

त्यांच्या आजाराचे नाव डायव्हर्टिक्युलायटिस. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, हीसुद्धा एक अडचणच आहे. ज्या दुखण्याला नाव नाही, त्याला आपण ‘गॅस’ म्हणून मोकळे होतो.

सायकलच्या जुन्या टायरचा एखादा भाग झिजला की आतली ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर डोकावते. मोठ्या आतड्याचे तसेच होते. आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात, त्या जागा थोड्या कमकुवत असतात. वय वाढले, आतला दाब वाढला, की तिथून आतले अस्तर बाहेर फुगते आणि वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. नुसत्या पिशव्या असणे म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. पाश्चात्त्य देशांत साठीनंतर निम्म्याच्या आसपास लोकांत त्या सापडतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही नसतो. पिशव्या असलेल्या 100 जणांपैकी 5 हूनही कमी जणांना पुढे त्रास होतो. त्यातली एखादी पिशवी सुजली, तिला बारीक छिद्र पडून जंतुसंसर्ग झाला, की तो डायव्हर्टिक्युलायटिस.

म्हणून सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या अहवालात ‘डायव्हर्टिक्युला’ हा शब्द दिसला तर घाबरून जाऊ नका. त्या पिशव्यांना औषध लागत नाही. मात्र त्या आपल्याला आहेत, हे लक्षात ठेवा आणि पोटदुखीसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुखणे बहुधा ओटीपोटात डाव्या बाजूला असते, कारण आतड्याचा शेवटचा वळणदार भाग तिथे असतो. जपान, कोरियासारख्या पूर्व आशियातील देशांत हा आजार उजव्या बाजूलाही बराच आढळतो. तेव्हा तो हुबेहूब अपेंडिक्ससारखा भासतो. दुखणे सतत राहते, दोन-तीन दिवसांत वाढत जाते, सोबत ताप, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा कधी जुलाब. गॅसची कळ येते आणि जाते. ही कळ ठाण मांडून बसते. फरक एवढाच लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे.

हल्ल्याच्या दिवशी काय करावे?

इथे एक गोष्ट वाचकांना चकित करेल. सौम्य डायव्हर्टिक्युलायटिसमध्ये आम्ही डॉक्टरही फार काही करत नाही. स्वीडन आणि आइसलँडमध्ये 623 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना प्रतिजैविके दिली, निम्म्यांना दिली नाहीत. दोन्ही गट सारखेच बरे झाले. त्यानंतर नेदरलँडमधील अभ्यासातही असेच दिसले. आज निवडक रुग्णांना विश्रांती, पातळ आहार आणि साधी पॅरासिटामॉल एवढ्यावर घरी ठेवता येते.

‘मग आम्ही घरी हेच तर करत होतो!’ असे कुणी म्हणेल. पण त्या 623 जणांच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट आधी झाली होती. प्रत्येकाचा सीटी स्कॅन करून गळू नाही, छिद्र नाही, हे पाहिलेले होते. मधुमेही, स्टेरॉइड घेणारे, फार वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना हा नियम सरसकट लागू होत नाही. घरी राहणे हा उपचार असू शकतो. पण तो तपासणीनंतरचा निर्णय आहे, तपासणीऐवजीचा नव्हे.

डॉक्टरांनी घरी राहायला सांगितले, तर स्वयंपाकघर कामाला येते. पहिले एक-दोन दिवस भाताची गाळलेली पेज, मुगाच्या वरणाचे वरचे पाणी, नारळपाणी, पातळ सरबत. दुखणे उतरू लागले की मऊ भात, मुगाची पातळ खिचडी. या दिवसांत भाकरी, उसळ, कोशिंबीर, इसबगोल नको. चोथा चांगला असतो, पण सुजलेल्या आतड्याला तो लगेच नको. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दाखवायचे.

आणि काय करू नये? एरंडेल, सोनामुखी किंवा कोणतेही जुलाबाचे औषध घेऊ नये. ते सुजलेल्या आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावते. घरी एनिमा घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी आतडे फुटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, शिवाय दुखणे दबून निदान लांबते. हळद, आले, लसूण, कोरफड यांनी हा आजार बरा होतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. जेवणातल्या हळद-आल्याला माझी हरकत नाही. त्यांच्या काढ्यावर विसंबून ताप अंगावर काढायला आहे.

ताप आणि वाढती पोटदुखी एकत्र आली, वारंवार उलटी झाली, पोट कडक झाले, रिक्षाचा धक्का बसला तरी कळ जाऊ लागली, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, लघवीतून हवेचे बुडबुडे येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नका. शौचातून एकदम पुष्कळ रक्त गेले तर, दुखत नसले तरी, त्याला मूळव्याध समजून घरी बसू नका. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर फोन करा.

स्वयंपाकघराची खरी वेळ

हल्ला ओसरल्यावर, किंवा तो कधी येऊच नये म्हणून, घरचा उपाय खऱ्या अर्थाने सुरू होतो. युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट आणि त्यांचे सहकारी नील पेंटर यांनी 1971 मध्ये मांडले, की हा आजार चोथा हरवलेल्या पाश्चात्त्य आहारातून येतो. चोथा खाल्ला की पिशव्या होतच नाहीत, इतके सोपे ते नाही, हे पुढच्या अभ्यासांतून कळले. पण पिशव्या सुजण्याचा आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोका चोथ्याने कमी होतो, याला चांगला आधार आहे. ब्रिटनमधील 47 हजारांवर लोकांच्या अभ्यासात शाकाहारी व्यक्तींना या आजाराचा धोका सुमारे 31 टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्याकडे चोथा विकत आणावा लागत नव्हता. तो ताटातच होता. 100 ग्रॅम ज्वारी-बाजरी-नाचणीत तो साधारण 10 ते 11 ग्रॅम असतो, पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमही नसतो. आता सकाळी चहाबरोबर खारी-बिस्किटे, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी वडापाव आणि कणीक चाळून कोंडा कचऱ्यात. उपवासाला साबुदाणा, ज्यात चोथा जवळजवळ नाहीच. त्याऐवजी राजगिरा घेता येतो.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पुरेसा आहे. हिशेब अंदाजे असा : ज्वारी-बाजरीच्या दोन भाकऱ्यांत 10 ग्रॅम, न चाळलेल्या कणकेच्या दोन पोळ्यांत 5, वाटीभर मटकी किंवा चवळीच्या उसळीत 5 ते 6, वाटीभर पालेभाजीत 3, एका पेरूत 5. यात महाग असे काही नाही. मात्र एका आठवड्यात सगळे बदलू नका; पोट फुगेल आणि तुम्ही भाकरीला दोष द्याल. दर आठवड्याला थोडे वाढवा आणि पाणी वाढवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर आधी विचारा. आहारातून भागत नसेल तर चमचाभर इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्या. कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर कधीच नको.

एक जुनी भीती मात्र सोडून द्या. ‘बी पिशवीत अडकेल’ म्हणून अनेकांना शेंगदाणे, मका, पेरू, टोमॅटो बंद करायला लावले जाते. अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांचा 18 वर्षे मागोवा घेणारा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. कवचाची फळे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला नाही. बिया बंद करण्याच्या नादात आपण चोथाच बंद करतो.

याशिवाय रोज अर्धा तास चालणे, पोटाचा घेर आटोक्यात ठेवणे, बिडी-सिगारेट सोडणे, मटण रोजचे नव्हे तर कधीतरीचे ठेवणे. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्यांनी पर्याय विचारावा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि हल्ला बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर कोलोनोस्कोपी सुचवतील, ती टाळू नका. आतड्याचा कर्करोग कधी कधी याच वेषात येतो.

थोडे आमच्याबद्दलही

सगळा दोष रुग्णाच्या पदरात टाकणे बरोबर नाही. सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅनसाठी थांबावे लागते, हे मला माहीत आहे. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला आम्ही किती मिनिटे देतो, हेही माहीत आहे. डिस्चार्ज कार्डावर आम्ही ‘पथ्य पाळा’ असे दोन शब्द लिहितो. कोणते पथ्य, किती दिवस आणि नंतर उलट आहार कधी सुरू करायचा, हे सांगायला कुणी उरत नाही. ती रिकामी जागा मग मोबाइलवरचा काढा भरून काढतो. प्रत्येक सरकारी रुग्णालयात पोटाच्या रुग्णाला घरी सोडताना आहारतज्ज्ञाने दहा मिनिटे बोलावे आणि मराठीत छापलेला एक कागद हातात द्यावा, ही मागणी मोठी नाही. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके आणि तीव्र वेदनाशामके देणाऱ्या औषध दुकानांवरही नियमाप्रमाणे बोट ठेवायला हवे.

त्या दुकानदारांची पोटावरची पिशवी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर निघाली. ते पुन्हा गल्ल्यावर बसतात. तपासणीला आले तेव्हा म्हणाले, ‘‘ज्वारी-बाजरीची पोती माझ्याच दुकानात होती साहेब, मी मात्र खारी खात होतो.’’ एरंडेलाची बाटली अजून घरात आहे का, असे मी विचारले. ‘‘आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण आता ताप असेल तर आधी तुमच्याकडे.’’

एवढेच मला वाचकांना सांगायचे आहे. भाकरी, उसळ आणि चालणे रोजचे. पण ताप आणि ठाण मांडून बसलेली पोटदुखी एकत्र आली, की त्या दिवशी घरचा वैद्य बाजूला ठेवा आणि रुग्णालयाची वाट धरा.