डायलिसिसनंतर उरलेले १५६ तास

डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आता फक्त आराम करा.’ नातेवाईक ते प्रेमाने म्हणतात, शेजारी सवयीने म्हणतात, आणि कधीकधी दवाखान्यातले लोकही घाईघाईत तेच म्हणून मोकळे होतात. आजाऱ्याची खिदमत म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेणं, असा आपला पक्का समज आहे. तो चहाचा कप ठेवायला उठला तरी घरातले चार जण धावतात. माझं स्पष्ट मत आहे, की या मायेपायी आपण आपल्याच माणसांना अंथरुणाला खिळवतो आहोत.

माझ्या आपाचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली. भिवंडीतल्या घरून तिला रिक्षाने नेणं-आणणं बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. बाहेरच्या बाकावर बसून जे दिसतं, ते कुठल्या फाइलमध्ये नोंदलं जात नाही. पहिल्या महिन्यात स्वतःच्या पायांनी जिना चढणारा माणूस वर्षभरात मुलाच्या खांद्यावर हात टाकून येऊ लागतो आणि त्यानंतर व्हीलचेअरवर. यातले कितीतरी जण चाळिशी-पन्नाशीतले असतात. सगळे म्हणतात, ‘आजारच तसा आहे.’

आजार तसा आहे, हे खरंच. रक्त कमी असतं, अंगात आम्ल साठतं, भूक जाते, आणि डायलिसिसमध्ये कचऱ्याबरोबर थोडी प्रथिनंही वाहून जातात. स्नायू झिजतात. पण या झिजेत एक वाटा निव्वळ पडून राहण्याचा असतो. धडधाकट माणसालाही काही आठवडे खाटेवर ठेवलं तर त्याच्या मांड्या बारीक होतात. इथे तर आधीच झिजत असलेल्या शरीराला आपण आणखी निजवतो. मग अशक्तपणा आला म्हणून आराम, आणि आराम झाला म्हणून अशक्तपणा.

जरा हिशेब करा. आठवड्यात १६८ तास असतात. आठवड्याला तीनदा, चार-चार तास डायलिसिस धरलं तर मशीनवर १२ तास जातात. उरतात १५६. डायलिसिसच्या दिवशी अंगात त्राण नसतं, तो दिवस सोडून द्या. तरीही बरेच तास शिल्लक राहतात, आणि त्यांचं काय करायचं हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

जगात इतरत्र यावर काम झालं आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला व्यायाम म्हणजे घरच्या घरी चालणं: डायलिसिस नसलेल्या दिवशी दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, ठरवून दिलेल्या तालावर. जिम नाही, मशीन नाही. सहा महिन्यांनी चालणाऱ्या गटातली माणसं सहा मिनिटांत सरासरी ३२८ मीटरऐवजी ३६७ मीटर चालू लागली. न चालणारा गट होता तिथेच राहिला. जर्मनीत त्याहून मोठा प्रयोग झाला, २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथे डायलिसिस चालू असतानाच खाटेवर पायांचा व्यायाम करून घेतला, वर्षभर. एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं, हे मोजलं. व्यायाम करणाऱ्यांचा आकडा १६ वरून १९ वर गेला; न करणाऱ्यांचा १६ वरून १५ च्याही खाली घसरला.

तीन उठबशा जास्त, एवढंच ना, असं कुणी म्हणेल. आपल्या घरांचा विचार करा. आपण दस्तरख्वानवर जमिनीवर बसतो, कितीतरी घरांत संडास भारतीय पद्धतीचा आहे. खाली बसून उठता येणं बंद झालं की माणूस जेवायला सगळ्यांपासून वेगळा, खुर्चीवर जातो. रात्री लघवीला किंवा शौचाला जायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं. सून उठेल की मुलगा, या संकोचात तो पहाटेपर्यंत कळ काढतो. मिनिटाला तीन उठबशांचा फरक हा इथला फरक आहे.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचं उत्तर मात्र निराशाजनक आलं, तेही सांगितलं पाहिजे. डायलिसिस चालू असताना पायांनी सायकल चालवायला लावली, पण जगण्याच्या गुणवत्तेत म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. अनेकांची ठरलेल्यातली निम्मी सत्रंही झाली नव्हती. मी यातून एवढंच घेतो की सायकल आणून ठेवल्याने काम होत नाही. ‘आज जमतंय का, पाच मिनिटंच करू’ असं रोज विचारणारं माणूस शेजारी लागतं.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात फार पाणी साठलं असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ताप असेल, बीपी फार वर किंवा फार खाली असेल किंवा एखादं डायलिसिस चुकलं असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. फिस्टुलाच्या हाताने जड उचलायचं नाही. मधुमेह असेल तर अनवाणी चालायचं नाही आणि तळपाय रोज बघायचे. चाललो म्हणून जास्तीचं पाणी प्यायचं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटू लागलं की वेग कमी. आपाने पाच मिनिटांपासून सुरुवात केली, तीही घरातल्या घरात, दारापासून खिडकीपर्यंत.

घरातल्या घरात, कारण बाहेर चालायला जागा कुठे आहे? आमच्या गल्लीत हातगाड्या, दुचाकी, उघडी गटारं आणि लूमचा माल वाहणारे टेम्पो. पुरुष निदान रस्त्यावर जातो. पन्नाशीची बाई काही कामाशिवाय गल्लीत येरझाऱ्या घालू लागली तर दहा जण विचारतात, काय झालं? आणि बाईच्या बाबतीत ‘आराम’ हा शब्दही नीट तपासायला हवा. पुरुष डायलिसिसहून आला की अंथरूण घातलेलं असतं. बाई आली की तिला कणीक मळताना मी पाहिलं आहे. दमलेल्या अंगाने घरकाम ओढणं याला व्यायाम म्हणू नका. आपल्या देशात डायलिसिसवर पुरुषांच्या मानाने बायका कमी दिसतात, त्यामागेही बाईवर खर्च करायचा की नाही हा घरातला हिशेब मोठा आहे.

सरकारकडेही एक मागणी आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. राज्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं. यामुळे गरिबांचे जीव वाचले, हे मान्यच. पण तिथे मोजदाद होते ती सत्रांची. माणूस खुर्चीवरून किती वेळा उठू शकतो, हे तीन महिन्यांतून एकदा मोजायला एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरतं. आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट केंद्रावर यावा, हे ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहिलं गेलं पाहिजे. आणि ज्याला पैशाअभावी किंवा खाटेअभावी तीनऐवजी दोनदाच डायलिसिस मिळतं, ज्याला रक्तवाढीचं इंजेक्शन वेळेवर मिळत नाही, त्याला ‘तुम्ही चालत नाही म्हणून असं होतं’ हे ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. आधी उपचार पुरे द्या.

मोहल्ल्याला करता येण्यासारखं काम याहून सोपं आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण केळी आणि नारळपाणी नेतो. दोन्हींत पोटॅशियम भरपूर, म्हणजे डायलिसिसच्या रुग्णासाठी नेमकं धोक्याचं. त्याऐवजी त्याला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणा. लग्नाचे हॉल दुपारी रिकामे असतात. सपाट फरशी, सावली, पंखे, बसायला खुर्च्या, सगळं तिथे आहे. आठवड्यातून तीन दुपारी दोन-दोन तास, त्यातले काही बायकांसाठी राखून, हॉल उघडा ठेवावा, असा अर्ज मी आमच्या भागातल्या एका हॉलच्या विश्वस्तांना दिला आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पंख्याचं बिल कोण भरणार? आम्ही सात घरांनी मिळून ते भरायची तयारी दाखवली आहे. उत्तर अजून यायचं आहे.