एसीचा गॅस संपत नाही, गळतो!

उन्हाळा लागला, की जुन्या गाडीचा एसी कोमट हवा फेकू लागतो. ‘गॅस संपलाय, भरून घ्या,’ असे गॅरेजवाला सांगतो. पैसे जातात आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच! एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही; तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वरचेवर भरावा लागत असेल, तर गळती नक्की आहे.

आधी स्वतः पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. गळतीच्या जागी ते झिरपते आणि त्यावर धूळ बसते. म्हणून इंजिन बंद करून, थंड झाल्यावर नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसर आणि रेडिएटरपुढचा कंडेन्सर तपासा. तेलकट डाग दिसला, तर तिथे साबणाचे दाट पाणी लावा. बुडबुडे आले, की चोर सापडला! नट मात्र सैल करू नका. उसळणारा गॅस त्वचा आणि डोळे गोठवून इजा करतो.

काहीच सापडले नाही, तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर संशय घ्या. ही गळती गॅरेजमध्ये डिटेक्टरने शोधता येते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करायला सांगा. अर्धा तास मीटरचा काटा हलला नाही, तरच गॅस भरू द्या.

जुन्या गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवेत गेला, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो. म्हणजे नुकसान केवळ खिशाचे नाही.

आणखी एक. थंडीतही आठवड्यातून १० मिनिटे एसी चालवा. कॉम्प्रेसरचे सील तेलाने ओले राहते, लवकर गळत नाही.