आधी भाकर, मग उपदेश



नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींना आपण सहज म्हणतो, "ही सेवा आहे, सहन कर." मला हे पटत नाही. जीएनएमच्या ३ वर्षांत वर्ग, वॉर्डातली ड्यूटी आणि रात्रपाळी एकदमच अंगावर येतात. झोप न झालेल्या, घाबरलेल्या हाताला शीर सापडत नाही. शेजारी उभी राहून शिकवणारी सिस्टर असली, की तोच हात स्थिर होतो.

थकून झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयावर देव रागावला नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी दोनदा भाकर-पाणी दिले. मग ४० दिवसांच्या वाटेला लावले.

रात्रपाळीनंतरच्या रविवारी मुलगी मिस्साला दिसली नाही, तर जाब विचारू नका. होस्टेलवर डबा पाठवा. ती रडली, तर आधी ऐकून घ्या, उपदेश नंतर.