पेशींच्या पुड्या हळुवार वेचताना



आपल्या शरीरातील पेशी सतत बारीक पुड्या बाहेर सोडतात. त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा. पुडीत पेशीची प्रथिने आणि जनुकीय निरोप असतो. कॅनडातील रोझ जॉनस्टोन यांनी मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींवर १९८३ साली केलेल्या कामातून या पुड्या उलगडल्या.

पुडीतला निरोप वाचायचा तर आधी ती रक्तातून वेगळी काढावी लागते. जुनी रीत जोराची आहे. यंत्रात नमुना गरागरा फिरवतात. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोर तासभर किंवा अधिक वेळ बसतो. पुड्या तळाशी दाबल्या जातात, एकमेकींना चिकटतात, काही फाटतातही.

दुसरी रीत हळुवार आहे. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा आठवा. लहान मुले प्रत्येक दुकानात शिरतात, म्हणून मागे राहतात. मोठी माणसे सरळ चालून आधी पोहोचतात. नळीत सच्छिद्र मणी भरतात आणि वरून नमुना सोडतात. बारीक प्रथिने छिद्रांत शिरून रेंगाळतात. एक्सोसोम छिद्रात मावत नाहीत, म्हणून आधी बाहेर येतात, तेही शाबूत. उणीव अशी, की नमुना पातळ होतो आणि रक्तातील काही स्निग्ध कण सोबत येतात.

याचा आपल्या घराशी काय संबंध? विदर्भात अनुसूचित जाती-जमातींत, आपल्या बौद्ध कुटुंबांतही, सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. त्यांतून सुटणाऱ्या पुड्यांवर संशोधन चालू आहे. पण निदानासाठी त्यांची वाट पाहायची गरज नाही. साध्या विद्राव्यता चाचणीत संशय आला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री होते. एचपीएलसीतही रक्तातले घटक नळीतूनच वेगळे होतात. २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता शंभरात पंचवीस असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे सासर-माहेर दोघांनीही लक्षात ठेवावे. म्हणून सोयरीक ठरवताना मुलामुलींची रक्ततपासणी करून घ्या. तपासणी लपवू नका आणि दोष कोणाला देऊ नका.