भंगाराचे पोलाद आणि उधळलेली वीज

राष्ट्राचे सामर्थ्य त्याच्या पोलादावरून जोखण्याची रीत जुनी आहे. २०१८ साली जपानला मागे टाकून भारत जगातील दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक झाला आणि २०२४ साली आपले उत्पादन चौदा कोटी नव्वद लाख टनांच्या घरात पोहोचले. याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु किती पोलाद केले याबरोबरच ते कसे केले, हा प्रश्नही राष्ट्रहिताचा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र तितकेसे अभिमानास्पद नाही. एक टन पोलादामागे भारतात सरासरी अडीच टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे.

यात एक विसंगती दडलेली आहे. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक पोलाद विजेच्या भट्ट्यांत तयार होते आणि जगभर हाच मार्ग स्वच्छ मानला जातो. खाणीतील खनिज आणि कोकिंग कोळसा न वापरता, जुने लोखंड वितळवून नवे पोलाद करण्याचा हा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार धोरणानुसार एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. मग हा स्वच्छ मार्ग आपल्याकडे येऊन काळवंडला कसा?

जालन्याचा धडा

हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. ‘जालना सोने का पालना’ म्हणून एके काळी व्यापारासाठी ख्यातकीर्त असलेले मराठवाड्यातील हे नगर आज बियाण्यांबरोबरच सळयांसाठी ओळखले जाते. खनिजाची खाण नाही, बंदर जवळ नाही, पाण्याची तर सदैव ओढ. अशा ठिकाणी स्थानिक उद्योजकांनी भंगार आणि वीज यांच्या बळावर पोलाद उद्योग उभा केला. महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या छतांत जालन्याची सळई आहे. हजारो कुटुंबांच्या चुली या भट्ट्यांवर पेटतात. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत याच जालन्याचे नाव आहे, हेही विसरून चालणार नाही. पंजाबातील मंडी गोबिंदगढ हे दुसरे पोलादनगरही त्याच यादीत आहे.

येथील भट्ट्या प्रामुख्याने इंडक्शन पद्धतीच्या. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज खेळवली की आतील लोखंडात प्रवाह निर्माण होतो आणि ते आपोआप तापून वितळते. शास्त्राच्या हिशेबाने एक टन लोखंड १,६०० अंशांपर्यंत नेऊन वितळवण्यास सुमारे ३८० युनिट वीज पुरते. प्रत्यक्षात आपल्याकडे साडेपाचशे ते सातशे आणि कित्येकदा त्याहूनही अधिक युनिट लागतात. वरची वीज जाते कोठे? काही वेटोळे थंड ठेवणाऱ्या पाण्यात, काही उघड्या राहिलेल्या तोंडातून आकाशात आणि काही चक्क घाण वितळवण्यात! गंजलेल्या, मातीने माखलेल्या भंगाराबरोबर ती मातीही तापवावी लागते. सैल, हलके भंगार गठ्ठे न बांधता टाकले की भट्टी भरण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उष्णता वाया जाते.

त्यात भर पडते स्पंज आयर्नची. चांगले भंगार महाग व अपुरे, म्हणून भट्टीत स्पंज आयर्न मिसळले जाते. आपल्याकडे त्यातील बराच भाग कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांत तयार होतो. त्यातील मातीमुळे स्लॅग वाढतो, वीज अधिक लागते आणि कोळशाचा धूर आधीच हवेत गेलेला असतो. अशा रीतीने भंगाराच्या मार्गाचे सारे पुण्य खर्ची पडते.

धूर म्हणजेच तोटा

उद्योगहित आणि पर्यावरण यांचे हाडवैर आहे, असा एक समज रूढ झाला आहे. विद्युत भट्टीच्या बाबतीत तरी तो खोटा आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच भट्टीत टाकला की जस्त सुमारे ९०७ अंशांनाच उकळते आणि पांढऱ्या धुरासारखे बाहेर पडते. तेल आणि रंग जळून काळा धूर होतो. म्हणजे भंगार निवडले, स्वच्छ केले, तर धूरही घटतो आणि विजेचे देयकही.

साधा हिशेब पाहू. दिवसाला तीनशे टन पोलाद काढणाऱ्या कारखान्याने टनामागे केवळ शंभर युनिट वाचवली, तर रोज तीस हजार युनिट वाचतील. युनिटचा दर आठ रुपये धरला तरी दिवसाचे दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. तीनशे दिवसांचे सात कोटी वीस लाख! शिवाय ही वीज मुख्यत्वे कोळशाचीच असते. जालन्यात उधळलेल्या युनिटची राख चंद्रपूर-परळीसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरातील लोकांच्या अंगणात पडते.

उपाय अज्ञात नाहीत. ओतलेली लालबुंद बिलेट थंड होऊ द्यायची आणि पुन्हा कोळसा जाळून ११००-१२०० अंशांपर्यंत तापवायची, ही जुनी रीत सोडून ती गरम असतानाच थेट रोलिंग मिलकडे नेण्याची पद्धत देशातील अनेक कारखान्यांनी स्वीकारली आहे. दुसऱ्यांदा तापवण्याचा कोळसा त्यामुळे वाचतो. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २००४ पासून रोलिंग मिलच्या सुधारणेचा प्रकल्पही राबवला होता. भट्टीवर झाकण, भंगाराचे गठ्ठे, धूर ओढून घेणारे यंत्र आणि बॅग फिल्टर यांत अशक्य असे काय आहे?

बंदी नको, शिस्त हवी

चीनने २०१७ साली इंडक्शन भट्ट्यांचे पोलाद एका फटक्यात बंद केले. आपल्याकडेही तसेच करावे, असे सुचवणारे आहेत. भारतासाठी तो मार्ग आत्मघाताचा ठरेल. पोलाद उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश भाग या भट्ट्यांतून येतो. त्या विझल्या तर मोजक्या बड्या उद्योगांचे फावेल आणि लहान शहरांतील उद्यमशीलता उन्मळून पडेल.

परंतु लहानपण ही बेशिस्तीची सबब होऊ शकत नाही. राज्य शासनाने २०१६ साली विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. मागास भागासाठी ते न्याय्यच होते. मात्र अशी सवलत समाजाच्या पैशातून येते, म्हणून ती टनामागे लागणाऱ्या विजेशी जोडली गेली पाहिजे. जो कमी विजेत पोलाद काढेल त्याला अधिक सवलत. धूर ओढणाऱ्या पंख्याला स्वतंत्र वीजमीटर असावा. भट्टी रात्रभर धगधगली आणि पंख्याचा मीटर हललाच नाही, तर वेगळ्या पुराव्याची गरज काय? पकडलेली धूळही रस्त्याकडेला वा नदीकाठी न टाकता तिच्यातील जस्त परत मिळवण्याकडे वळवली पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांहून कमी कर्बवायू सोडणारे पोलाद हरित ठरेल आणि त्याला तारांकनही मिळेल. शासकीय बांधकामांनी अशा सळईला प्राधान्य दिले, तर कारखानदारांना सुधारणेची दिशा आपोआप कळेल.

शेवटी प्रश्न आपल्याकडेही येतो. घर बांधताना आपण सळईचा भाव विचारतो, बनावट विचारतो, क्वचित मानकाचे चिन्ह पाहतो. ती कोणाच्या श्वासाची किंमत देऊन तयार झाली, हे विचारत नाही. ग्राहक विचारू लागला की विक्रेता विचारतो आणि विक्रेत्याने विचारले की कारखानदार जागा होतो. भंगाराला नवा जन्म देण्याची विद्या आपल्या कारागिरांनी स्वबळावर साधली आहे. आता ती निर्मळ करण्याचे काम बाकी आहे, आणि ते बाहेरचा कोणी येऊन करून देणार नाही.