बाहुला वाढत नाही, पोर वाढतं

काही चित्रपट तीन पिढ्यांना एकाच सतरंजीवर बसवतात. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ हा त्यातलाच. आमच्या भंडारदऱ्याला पावसाळ्यात धुकं उतरलं आणि पाहुणे घरात कोंडले गेले, की कुणीतरी तो लावतंच. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्र म्हणतो, त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो आणि मग तो हातभर बाहुला लक्ष्मीकांत बेर्डेच्या मागं लागतो. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला पाहून पोरं आजीच्या पदराआड लपतात आणि पदराआडूनच हसतात. भय आणि हसू एकाच घासात भरवणं सोपं नसतं.

तात्याची सगळी खटपट कशासाठी? बाहुल्यातून सुटून जिवंत माणसाच्या अंगात शिरण्यासाठी. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण लहानपणी पडद्यावर गाजलेल्या माणसाच्या बाबतीत ती खरीच घडते. त्याची जुनी गोंडस छबी आहे तशीच राहते आणि जन्मभर त्याच्या वाढत्या अंगात शिरू पाहते. केस पांढरे झाले तरी लोक लग्नाच्या पंगतीत विचारतात, ‘तुम्हीच ना ते? काय गोड होता हो तेव्हा!’ त्या ‘होता’मध्ये किती बोचरेपणा आहे, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसतं.

‘झपाटलेला’ काढणारे कोठारे स्वतः बालकलाकार होते, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. १९६३ च्या ‘छोटा जवान’मधला मुलगा आणि १९६८ च्या ‘राजा और रंक’मधल्या दुहेरी भूमिकेतला मास्टर महेश, तो हाच. पुढं त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली आणि १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ घेऊन दिग्दर्शक म्हणून समोर आले. त्यांचा मुलगा आदिनाथ १९९४ च्या ‘माझा छकुला’त लहानपणी झळकला. त्यानं मोठेपणी ‘पाणी’ दिग्दर्शित केला आणि पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘श्यामची आई’ (१९५३) मधले श्याम, माधव वझे, पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले; २०२५ मध्ये ते गेले. ‘दीवार’मधला (१९७५) लहानगा विजय, अलंकार जोशी, अमेरिकेत जाऊन संगणकाच्या व्यवसायात स्थिरावला.

या सगळ्यांत समान काय? माझ्या मते, दुसरं दार. कुणी त्या दारानं बाहेर गेलं ते गेलंच. कुणी बाहेर जाऊन, हातात दुसरी विद्या घेऊन, आपल्या मर्जीनं परत आलं. ते दार शाळेत जातं. पोराच्या हुशारीनं ते उघडत नाही, घरच्या मोठ्यांना ते उघडं ठेवावं लागतं.

ते बंद झालं तर काय होतं, हे जॅकी कूगननं जगाला दाखवलं. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधलं (१९२१) ते अनाथ पोर. त्यानं लहानपणीच लाखो डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर हिशेब मागितला, तर बहुतेक पैसा आई आणि सावत्र बापानं उडवलेला. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, हाती फार थोडं लागलं. पण त्याच्या प्रकरणामुळं १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला. पुढं १९६४ ते १९६६ या काळात ‘द ॲडम्स फॅमिली’ या भुताटकीच्या विनोदी मालिकेत टकलू अंकल फेस्टर होऊन यानंच लोकांना हसवलं.

आपल्याकडं २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडवायची नाही. आणि कमाईतली किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळावी.

मी आयुष्य बँकेत काढलं, म्हणून हे शेवटचं कलम मला जवळचं वाटतं. अज्ञान मुलांच्या ठेवी मुदतीआधी मोडायला येणारे पालक मी काउंटरपलीकडून पाहिले आहेत. ‘रक्कम मुलाच्या हितासाठीच हवी आहे,’ असं लिहून देताना कुणाचा हात थरथरत नसे. बहुतेक खरंच बोलत असत. घराचा हप्ता, आजारपण, बहिणीचं लग्न, सगळं खरंच. पण ज्याच्या नावानं पावती असे, ते पोर त्या टेबलापाशी कधीच नसे.

मग मुलांनी पडद्यावर येऊच नये काय? असं कोण म्हणेल? सोमनाथ अवघडेवाचून ‘फँड्री’तला जब्या उभा राहिला नसता. गुणी पोराला काम मिळावं, टाळ्याही मिळाव्यात. प्रश्न टाळ्या थांबल्यानंतरचा आहे.

आणि तो आता फक्त सिनेमावाल्यांचा राहिलेला नाही. मे अखेरीस काजवे पाहायला इथं गर्दी लोटते, मग पावसात धबधब्यांपाशी. हल्ली तिथं बापाच्या हातात मोबाइल असतो आणि समोर नऊवारी नेसवलेली पाच-सहा वर्षांची पोर. ‘परत एकदा, हसून!’ पोर भिजलेली, ओठ निळे पडलेले, तरी ती हसते. तिथं पाच तासांचं घड्याळ कोण लावणार? वीस टक्क्यांची पावती कोण मागणार? आणि ती छबी तिच्या नकळत जन्मभर जगाच्या मोबाइलमध्ये राहणार, ती वेगळीच.

म्हणून आईबापांना एवढंच विचारायचं. पोराची शाळा चालू आहे ना? त्याच्या कमाईची पावती त्याच्या नावावर आहे ना? आणि उद्या ते ‘मला नको’ म्हणालं, तर तुम्ही मोबाइल खाली ठेवाल ना? पहिल्या दोन प्रश्नांवर सरकार लक्ष ठेवू शकतं. तिसऱ्याचं उत्तर घरातच द्यावं लागतं. तात्या विंचू २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’मध्ये त्याच चेहऱ्यानं परत आला, बाहुल्याला ते जमतं. पोराला मात्र चेहरा बदलायचा हक्क हवा.